चादरताईंचं पित्त

"दोष कुठे आहे ते शोधणं हाच माझा धंदा आहे! दोन महिने दे फक्त. तुझ्या पित्ताचं मूळ उपटून तुझ्या हातात ठेवतो!"

भिंगरावांनी सकाळच्या चहाला ही घोषणा केली. चादरताईंनी ती डाव्या हाताने मान आणि उजव्या हाताने कोपर खाजवत ऐकली. चहाचा कप धरायला तिसरा हात नसल्यामुळे चहा निवत होता.

भिंगराव पंपांच्या कारखान्यात तपासनीस होते. पंप कुठून गळतोय हे हुडकण्यात त्यांची हयात गेली होती. खिशात कायम भिंग असायचं, म्हणून कारखान्याने त्यांना हे नाव दिलं आणि पुढे घरानेही ते मान्य केलं. त्यांच्या पत्नी चादरताई गाद्या, उशा आणि चादरींच्या मोठ्या दुकानात मुख्य विक्रेत्या होत्या. गिऱ्हाईक नुसतं रस्ता विचारायला आत आलं तरी दोन उशा घेऊनच बाहेर पडेल, अशी त्यांची जीभ! त्यांचं खरं नाव मालकांनाही आठवून सांगावं लागे.

तर या चादरताईंच्या अंगावर वर्षभरापासून पित्त उठत होतं. आधी हातावर एखादा लालबुंद फुगवटा. मग त्याचे सख्खे भाऊ, मग चुलत, मग सगळी भावकी पोटावर, पाठीवर, मांड्यांवर! काही तासांत सगळे गुडूप, आणि संध्याकाळी भलत्याच ठिकाणी हजर. भाडं बुडवून घरं बदलणाऱ्या भाडेकरूंसारखे! खाज तर अशी, की चांगल्या घरच्या बाईला दाराची चौकट दिसली की पाठ घासून घ्यावीशी वाटावी.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या. गोळी घेतली की बरं वाटे. पण भिंगरावांनी पहिली बंदी गोळ्यांवरच घातली.

"गळती शोधायची तर आधी चिकटपट्टी काढावी लागते!"

"अहो, मी पंप आहे का?"

"पद्धत तीच. एका वेळी एकच वस्तू बंद करायची आणि बघायचं. ज्या वस्तूने पित्त थांबेल ती दोषी!"

पहिला बळी साबणाचा गेला. चार दिवस अंग नितळ! भिंगरावांनी मिशीवर ताव दिला. पाचव्या दिवशी चादरताई आंघोळ करून बाहेर आल्या त्या पाठीवर एक अख्खा द्वीपसमूह घेऊन. मग टोमॅटो गेले. अंडी गेली. शेंगदाणे गेले. चहा गेला, तेव्हा चादरताईंना रडू आलं. खिडकीतली कुंडी शेजारणीकडे गेली. दिवाणखान्यातला गालिचा गेला. प्रत्येक वस्तू गेली की पित्त थोडे दिवस ओसरे आणि मग नव्या जोमाने परत येई. घर मात्र रिकामं होत चाललं. पाहुण्यांना वाटे, ही मंडळी घर विकताहेत!

एक दिवस भिंगरावांचं भिंग चादरताईंच्या सासूबाईंच्या डोक्याच्या तेलावर स्थिरावलं.

"आई, हे तेल काही दिवस—"

"हात लावून बघ!" सासूबाई म्हणाल्या. "हे तेल मी तुझ्या जन्माआधीपासून लावतेय. तुला झालं का काही? उलट तूच मला झालास!"

तेल वाचलं. पण सासूबाईंनी तो अपमान मनात ठेवला, आणि तो पुढे भिंगरावांना फार महागात पडला.

तोवर दुकानात वेगळाच प्रकार घडला. एक आजीबाई होऊ घातलेल्या नातवंडासाठी चादर घ्यायला आल्या. "बाळाच्या कातडीला टोचायला नको हो!"

"टोचेल?" चादरताईंनी नेहमीच्या थाटात चादर उलगडली. "आजी, लोण्याला काटे असतील, पण या चादरीला नाहीत! हे बघा!" आणि त्यांनी ती चादर स्वतःच्या हातावरून, गालावरून, मानेवरून फिरवली. हा त्यांचा हुकमी प्रयोग. यावर आजवर हजारो चादरी विकल्या गेल्या होत्या.

आजीबाई बघत राहिल्या. जिथे जिथे चादर फिरली तिथे तिथे लाल फुगवटे उठू लागले. आधी हात. मग मान. मग गालावर एक असा टरारून आला, की डावा डोळा अर्धा मिटला.

"अगं बाई!" आजीबाई किंचाळल्या. "ही चादर बाळाला घालायची?"

शेजारच्या गिऱ्हाइकाने हातातला पलंगपोस विंचू असल्यासारखा टाकला. नव्या गादीवर बसून बघणारं जोडपं टुणकन उठलं. एका गृहस्थाने तर मागच्या महिन्यात नेलेल्या उशा परत आणायला थेट घरचा रस्ता धरला!

दुकानाचे मालक तसे सज्जन. त्यांनी चादरताईंना मागे गोदामात नेलं आणि शक्य तितक्या हळू आवाजात सांगितलं, "ताई, तुमच्यासारखी विक्री कोणाला जमत नाही. पण तुम्ही काउंटरला उभ्या राहिलात तर आता विक्रीच होणार नाही. काही दिवस इथेच गठ्ठे लावा. आणि हे लवकर बरं झालं नाही, तर... मलाही काही विचार करावा लागेल."

ज्या बाईला दिवसभर माणसांशी बोलल्याशिवाय जेवण जात नसे, ती आता अंधाऱ्या गोदामात गाद्यांशी बोलू लागली. अंगाला थंड वाटावं म्हणून लावलेल्या गुलाबी औषधामुळे त्या अर्धवट रंग दिलेल्या भिंतीसारख्या दिसत. घरी येऊन त्यांनी कोणाला काही सांगितलं नाही, पण जेवताना त्या गप्प होत्या. ही इतकी अघटित गोष्ट होती, की भिंगरावांनी काळजीने भिंग काढून त्यांचा चेहरा तपासला.

"अहो, मला पुन्हा त्या गोळ्या घेऊ द्या ना."

"आता कुठे आपण मुळाजवळ आलोय! आणखी थोडं थांब."

आणि मग भिंगराव दौऱ्यावर गेले.

ते गेल्यावर पाठोपाठच पित्त गेलं! अंग आरशासारखं लख्ख. आठवडाभर एक ठिपका नाही. ते परतले, आणि दोन-तीन दिवसांत पुन्हा सगळी भावकी हजर! पुढच्या दौऱ्यालाही नेमकं हेच झालं. हे भिंगरावांच्या लक्षात आलं नाही. सासूबाईंच्या आलं.

जेवणं उरकल्यावर त्यांनी मुलाला समोर बसवलं. "काय रे, तुझी पद्धत काय म्हणते? जी वस्तू गेल्यावर पित्त थांबतं ती दोषी, असंच ना?"

"असंच!" भिंगराव छाती फुगवून म्हणाले. "कोणती वस्तू सापडली, आई?"

"तू."

भिंगरावांच्या फुगलेल्या छातीतली हवा गेली. त्यांनी बायकोकडे पाहिलं. बायकोने छताकडे पाहिलं. खोटं बोलवेना आणि खरं बोलण्यासारखं नव्हतं!

"पण... इतकी वर्षं आम्ही एकत्र..."

"पंपसुद्धा इतकी वर्षं चालतात आणि मग गळतात, हे तूच सांगतोस," सासूबाई म्हणाल्या, आणि तेलाचा बदला पुरा झाला.

स्वतःच्याच पद्धतीने दोषी ठरलेला माणूस अपील कुठे करणार? त्यांनी आधी मिशी काढली. वरचा ओठ एखाद्या अनोळखी माणसाचा वाटू लागला, पण पित्त हललं नाही. मग दाढीनंतरचं अत्तर बंद झालं. शेवटी स्वतःची उशी काखोटीला मारून ते बाहेरच्या खोलीत राहायला गेले. बायकोशी बोलायचं तर दारात उभं राहून, दोन हात लांबून. वाटी द्यायची तर ती टेबलावर ठेवून मागे सरकायचं.

सासूबाईंनी ही बातमी फोनवरून लेकीला सांगितली. लेकीने तिच्या शेजारणीला. ती शेजारीण यांच्या वरच्या मजल्यावरच्या बाईची मावसबहीण निघाली! आठवड्याच्या आत सगळ्या इमारतीला कळलं, की या माणसाची त्याच्या बायकोला ॲलर्जी आहे. लिफ्टमध्ये भिंगराव शिरले की बायका भिंतीला टेकून उभ्या राहू लागल्या.

एवढं होऊनही चादरताईंचं अंग काही निवळलं नाही. एका सकाळी त्या खाजवत बाहेर आल्या, तर भिंगराव दाराच्या चौकटीत उभे. मिशी नाही, चेहरा उतरलेला, हातातलं भिंग उगाच पुसताहेत.

"मी विचार केला," ते म्हणाले. "कारखान्याजवळ एखादी खोली बघतो. तू बरी राहा. मी रविवारी येऊन लांबून बघून जाईन."

चादरताईंना आधी हसू आलं आणि मग त्यांनी ते भिंग त्यांच्या हातातून काढून घेतलं. हा माणूस मिशीशिवाय इतका लहान दिसेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

"पुरे झाली तुमची पद्धत!" त्या कडाडल्या. "आज मी कातडीच्या डॉक्टरकडे जाणार. आणि तुम्ही बरोबर यायचं. जवळ बसून!"

डॉक्टरबाईंनी सगळं ऐकून घेतलं. साबण, टोमॅटो, गालिचा, दुकानातली चादर, मिशी. मिशीपाशी त्यांना जरा खोकला आला. मग त्यांनी असा प्रश्न विचारला, जो वर्षभरात कोणालाच सुचला नव्हता.

"तुमची पाळी नियमित येते का?"

भिंगराव एकदम पंख्याची पाती मोजू लागले.

"आता नियमित नाही येत," चादरताई म्हणाल्या. "वर्षभर नुसता गोंधळ आहे. कधी लवकर, कधी लांबते. मधेच अंगातून वाफा निघतात."

"आणि पित्त जास्त कधी उठतं? पाळीच्या आधी?"

चादरताई खाजवता खाजवता थांबल्या. आठवू लागल्या. साबण गेला तेव्हा... चहा गेला तेव्हा... "अगं बाई! हो! पाळी येऊन गेली की ओसरतं!"

"या वयात हार्मोन्स वर-खाली होतात. काही बायकांना त्याने पित्त उठतं, किंवा असलेलं वाढतं. थायरॉइड वगैरे एकदा तपासून घेऊ. पण हे संसर्गाचं नाही, आणि तुमच्या चादरीचंही नाही; अशा दिवसांत काहीही घासलं तरी फुगवटे येतात. गोळी खाज सुटल्यावर नाही, रोज घ्यायची. थोडा वेळ लागेल, पण आटोक्यात येईल. ओठ-जीभ सुजली किंवा श्वास अडकला, तर मात्र तडक दवाखाना गाठायचा."

"आणि मी?" भिंगरावांचा आवाज चिरकला. "मी दौऱ्यावर गेलो की थांबतं त्याचं काय?"

"योगायोग! दोन्ही वेळा पाळी नुकतीच होऊन गेली असणार. तुम्ही निर्दोष आहात. आणि मिशी वाढवायला हरकत नाही."

भिंगराव दवाखान्याच्या पायऱ्या उतरले ते जन्मठेपेतून सुटल्यासारखे. चादरताईंनी बजावलं, "हे घरातच राहू द्या हं. गावभर सांगत सुटू नका!" त्यांनी मान डोलावली. पण डोलावलेली मान आणि ऐकलेले शब्द यांची गाठ पडलीच नसावी.

रोजच्या गोळीने पित्त हळूहळू मवाळ झालं. पुरतं गेलं नाही, अधूनमधून एखादा फुगवटा हजेरी लावून जाई, पण चादरताई मालकांना विनवून काउंटरला परतल्या. त्याच आठवड्यातल्या शनिवारी, दुकान गच्च भरलेलं असताना, भिंगराव त्यांना न्यायला आले. आणि पडद्यांपाशी उभी असलेली वरच्या मजल्यावरची बाई मैत्रिणीला कोपराने ढोसून म्हणाली, "हेच ते! ॲलर्जीवाले!"

बस्स! इतक्या दिवसांचा अपमान उसळून आला. भिंगराव गाद्यांच्या चळतीजवळ उभे राहिले आणि कारखान्याच्या भोंग्याला लाजवेल अशा आवाजात गरजले,

"मी निर्दोष आहे! डॉक्टरांनी सांगितलंय! हे हार्मोन्स आहेत! माझ्या बायकोची पाळी जायला आलीय!"

दुकानात सुई पडली असती तर ऐकू आली असती. सुया तिथे पुष्कळ होत्या, पण एकही पडली नाही. चादरताईंना वाटलं, समोरची गादी दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं. चेहरा लाल झाला, आणि तो पित्ताने नव्हता!

तेवढ्यात उशांच्या मागून एक आवाज आला. "मलाही व्हायचं हो असं. दोन वर्षं मी कांदा सोडला होता."

"मी मांजर दिलं कोणाला तरी," दुसरी म्हणाली.

"मला पित्त नाही, पण वाफा! अशा वाफा, की माझ्यावर इस्त्री करून घ्यावी!" ही वरच्या मजल्यावरची बाई. तिने ते मान खाली घालून म्हटलं, पण म्हटलं.

बघता बघता काउंटरभोवती बायकांचा गराडा पडला. कोणाला कसं होतं, कोणत्या डॉक्टर, घाम आल्यावर कोणतं कापड बरं. चादरताईंची जीभ सुटली! मऊ सुती चादरींचा अख्खा कप्पा त्या दुपारी रिकामा झाला. भिंगराव एका कोपऱ्यात उशी पोटाशी धरून उभे होते. आपण निर्दोष सुटलो याकडे कोणाचंच लक्ष नाही, याचं त्यांना फार वाईट वाटत होतं.

गर्दी ओसरल्यावर मालकांनी चादरताईंना हळूच बाजूला बोलावलं. इकडे तिकडे बघितलं. घसा खाकरला.

"ताई, एक विचारायचं होतं. आमची ही म्हणते, मी जवळ आलो की तिच्या अंगाला खाज सुटते. गेली कित्येक वर्षं मी बाहेरच्या खोलीत झोपतोय. तेही... हार्मोन्सच असेल का?"

"असू शकेल," चादरताई म्हणाल्या. "डॉक्टरबाईंचा नंबर देऊ?"

मालकांनी आशेने खिशातून फोन काढला. मग त्यांना काय आठवलं कोण जाणे! फोन तसाच परत खिशात गेला.

"नको, राहू दे," ते घाईघाईने म्हणाले. "बाहेर झोप फार छान लागते हो. उगाच बरी झाली म्हणजे?"