डोलकाठीची कडी

माणसाची पारख तो कशाला काय आणि कसं जोडतो यावरून करावी, असं अण्णाजींचं ठाम मत होतं. त्यांच्या स्वतःच्या चष्म्याची दांडी मात्र चिकटपट्टीने गुंडाळलेली होती.

विज्ञानाचे मास्तर म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी सेवाग्रामजवळच्या घराच्या अंगणात शिडाची होडी बांधायला घेतली. कारण एकच. लग्नाच्या पहिल्या वर्षी ते मनकर्णाबाईंना म्हणाले होते, "तुले एक दिवस शिडाच्या होडीत बसवीन." मनकर्णाबाई विसरणाऱ्यांतल्या नव्हत्या, आणि त्यांनी ते भजनी मंडळालाही विसरू दिलं नव्हतं.

दिवाळीला होडी तयार झाली. गावतलाव काठोकाठ भरलेला. राहिलं होतं एवढंच, की डोलकाठीच्या शेंड्याला शीड ओढायच्या कप्पीची कडी बसवायची. डोलकाठी ॲल्युमिनियमच्या पोकळ पाइपाची, कडी स्टीलची. आता ती स्क्रूने बसवावी, बोल्टने की रिव्हेटने?

अण्णाजींनी मोबाइलवर व्हिडिओ पाहिले. त्यातले होडीवाले सगळे समुद्रावरचे. स्टील आणि ॲल्युमिनियमच्या मध्ये खारं पाणी शिरलं की डोलकाठी सडते, असं प्रत्येक जण बजावत होता. अण्णाजींनी काम थांबवलं.

"खारं पाणी म्हंजे कोणतं?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

"समुद्राचं."

"मंग आपल्या तलावात मीठ कोण टाकून राह्यलं?"

"प्रश्न तत्त्वाचा हाये."

तत्त्व काही सुटेना, तेव्हा मनकर्णाबाईंनी भावाला बोलावलं. जाम गावच्या चौकात मोतीलालचं ट्रकच्या बॉड्या बांधायचं दुकान होतं.

"भाऊजी, स्क्रूगिक्रू सोडा. आरपार बोल्ट मारू. आमच्या गाड्या गिट्टी वाहून राह्यल्या याच्यावर."

त्याने बोल्ट घातला आणि ट्रकच्या हिशेबाने आवळला. 'पुरे' हा शब्द मोतीलालच्या पान्याला ठाऊकच नव्हता. डोलकाठीचा शेंडा पापडासारखा चपटा झाला.

"अरे, एवढं काऊन आवळलं?"

"ढिला बोल्ट आमच्या धंद्यात पाप असते, भाऊजी."

चपटा भाग कापला. तोवर संक्रांत आली होती.

मग अण्णाजींनी स्वतः पाइपात आटे पाडून स्क्रू बसवले. चांगले बसले होते. पण जाता जाता "आणखी एक पीळ" दिला, आणि मऊ धातूतले आटे गेले. स्क्रू छान गोल फिरू लागले, धरेनात मात्र कशालाच. तोही तुकडा कापला. होळी झाली. डोलकाठी आता इतकी आखूड झाली, की मनकर्णाबाईंना शीड खालून कापावं लागलं. उरलेल्या कापडाच्या त्यांनी भजनी मंडळाला पिशव्या शिवून दिल्या.

शेवटी रिव्हेट ठरले. तेही ॲल्युमिनियमचेच. कडीखाली अण्णाजींनी सायकलच्या ट्यूबचा तुकडा घातला.

"हे कायले?" मोतीलाल म्हणाला.

"स्टील अन् पाइप एकमेकांले लागू नये म्हणून."

"मीठ येईन म्हणून?"

"येऊ शकते."

मोतीलालने रिव्हेट मारले आणि खात्री करायला कडीला स्वतः लोंबकळून पाहिलं. कडी हलली नाही. अण्णाजींच्या डोळ्यांत पाणी आलं.

अक्षय तृतीयेला भजनी मंडळ नव्या पिशव्या घेऊन काठावर जमलं. मनकर्णाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून होडीत बसल्या. मोतीलालने जोर लावून होडी आत लोटली. उन्हाळी वारा सुटलाच होता. शीड भरलं. मनकर्णाबाईंनी डोळे मिटून नवऱ्याचा हात घट्ट धरला.

"मले वाटलं नव्हतं जी, तुमी खरंच बसवसान म्हणून."

अण्णाजींनी दुसऱ्या हाताने वल्हं पाण्यात घातलं. ते हातभर आत गेलं आणि चिखलात उभं राहिलं.

"हळू चालवा," मनकर्णाबाई डोळे न उघडता म्हणाल्या. "घाई कायची?"

"हाव. हळूच चालवून राह्यलो."

"भाऊजी, कडी टिकली काय?" काठावरून मोतीलाल ओरडला.

"टिकली!" अण्णाजी ताठ बसून म्हणाले.

मागून एक म्हैस आली, होडीला वळसा घालून पुढे निघून गेली. पाणी तिच्या गुडघ्यापर्यंत होतं.