शंभरी भरली

सहा आठवड्यांत जो सर्वांत जास्त वजन उतरवील त्याला आठ दिवसांची भरपगारी रजा, अशी सूचना कचेरीत लागली आणि हिशेबनिसांच्या तोंडाला पाणी सुटलं. लेकीला मुलगा होऊन तीन महिने झाले होते, तिचं गाव रात्रभराच्या प्रवासावर, आणि यांच्या रजेच्या खात्यात भोपळा. पण वजन उतरवायचं म्हणजे घाम गाळणं आलं. त्यापेक्षा सुरुवातीचंच वजन चढवून ठेवलं तर? शेवटच्या दिवशी खिसे रिकामे केले, की बसल्या जागी सहा किलो गायब!

मोजणीच्या दिवशी टेबलावरचे चारही पेपरवेट, तिजोरीचं जुनं कुलूप आणि दोन पंचिंग मशीन एवढा ऐवज त्यांनी कपड्यांत जिरवला आणि पट्टा आवळून रांगेत उभे राहिले. पुढे आवक-जावकच्या बाई पावलागणिक खणखणत होत्या. टंकलेखक तर काही केल्या खाली बसायला तयार नव्हता.

"एकशे एक!" व्यायाम शिकवायला आलेल्या मॅडमनी तोंडातली शिट्टी काढली. "काका, फॉर्मवर मागच्या वर्षीचे पंच्याण्णव लिहिलेत!"

"आमची हाडंच जड आहेत हो."

"वर्षात सहा किलो हाडं? थांबा, आधी घरी कळवते." आणि त्यांनी फॉर्मवरचा नंबर फिरवलासुद्धा.

तेवढ्यात साहेब आले. "हिशेबनीस, भरली की तुमची शंभरी! केवढं उकडतंय इथं," म्हणत त्यांनी सगळे पंखे पाचावर सोडले.

कचेरीत त्या दिवशी एकाही टेबलावर पेपरवेट नव्हता. बिलं उठली, पावत्या उठल्या, वर्षाचा ताळेबंद तर घिरट्या घालत थेट जिन्याकडे निघाला.

"अहो, बघताय काय? धरा!" साहेब किंचाळले.

सगळे जिन्यानं खाली धावले, सर्वांत पुढे साहेब. मॅडम हरखून मागे. "शाब्बास! गुडघे वर! अजून वर!"

दुसऱ्या मजल्यावर हिशेबनिसांचा खिसा फाटला. कुलूप धडधडत पुढे गेलं, मागून बाईंची पर्स उसवली, टंकलेखकाच्या पाटलोणीतून तीन स्टेपलर निसटले. तळाशी साहेबांच्या पायांपुढे लोखंडाचा ढीग लागला. स्पर्धा तिथंच रद्द.

घरी खरं सांगायला तोंड नव्हतं, म्हणून हिशेबनीस मुकाट्यानं झोपले. सकाळी दार वाजलं. दारात लेक, कडेवर बाळ.

"एकशे एक, बाबा? आईचा फोन आला आणि तशीच निघाले. आता तुम्हाला ताळ्यावर आणल्याशिवाय मी इथून हलायची नाही!"

"अगं, त्याचं असं झालं..." नातवानं त्यांची मिशी घट्ट धरली.

"काय झालं?"

"काही नाही. वाढलंय खरं."

लेक दोन महिने राहिली. रोज पहाटे चालणं, दोन्ही वेळा उकडलेल्या भाज्या. हिशेबनिसांचं वजन तीन किलो उतरलं. त्यांच्या पंगतीला बसून बायकोचं विनाकारण दोन. आणि तिकडे एकटा राहून स्वतःच्या हातचं खाणाऱ्या जावयाचं नऊ.