टाकीवर कॅमेरा बसविल्याचे वर्तमान

शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, मार्गशीर्षमासी, पुणे प्रांती खडकी मुक्कामी जे वर्तमान घडले, त्याचा करीना यथास्थित लिहिला असे. थोर थोर लढाया लोक विसरून गेले, ही तरी विसरू नये.

राजमान्य राजश्री भीमराव, दारूगोळा कारखान्यातून सेवानिवृत्त, यांचे पदरी एक काळी मोटारसायकल होती. सुंदराबाईसाहेब नवी नवरी असता तिच्यावरूनच प्रथम सारसबागेस गेल्या, कन्या पूर्वाबाई पेट्रोलच्या टाकीवर बसून शाळेस जात, आणि संध्याकाळी गाडीचा फटफट आवाज ऐकूनच वसाहतीतील बायका भाताचा कुकर चढवीत, ऐसा लौकिक.

परंतु काळ फिरला. पूर्वाबाई लग्न होऊन वारज्यास नांदू लागल्या आणि तेथून त्यांचे फर्मान आले की, शहरात रहदारी माजली आहे, बाबांचे वय जाहले, सबब मोटारसायकल विकावी. भीमरावांनी बहुत हरकत घेतली. मग तह ठरला. पूर्वाबाईंनी अ‍ॅक्शन कॅमेरा नामे आगपेटीएवढे यंत्र पाठविले आणि कलम घातले की, हे गाडीवर बसवून रविवारी वारज्यास यावे, चित्रण आम्ही पाहू, नीट चालविलेली दिसली तर गाडी राहील, यंत्र न बसले अथवा कसूर दिसली तर सोमवारी गिऱ्हाईक येईल. हे ऐकून भीमरावांनी मिशीवर ताव दिला.

रविवारी चहा घेऊन मोहीम सुरू जाहली. यंत्राची चिकट बैठक टाकीवर दाबली आणि स्वारी निघाली, तो फाटकापाशी गतिरोधक आडवा आला आणि यंत्र उडून जास्वंदीत पडले. मग सुतळीने जखडले, तर ते मान खाली घालून पुढील चाक न्याहाळू लागले. मग हेल्मेटवर चिकटविले, तर भीमरावांचे नाकावरून घसरत सदऱ्याचे खिशात जाऊन विसावले.

शेजारचे बापूराव गच्चीतून हा संग्राम पाहत होते. ते म्हणाले, "भीमराव, गाडी विकताय की सर्कस काढताय?"

"तिकीट काढलंय का तुम्ही? नाही ना? मग आत जा."

इतक्यात सुंदराबाईसाहेब पोळ्या टाकून बाहेर आल्या, टाकीवरून एक बोट फिरविले आणि ते बोट उन्हात धरले. बोट चकाकले. कारखान्यातील शिरस्ता असा की, लोखंड दिसले म्हणजे तेलाचे फडके फिरवावे, गंज चढू देऊ नये. तो शिरस्ता भीमरावांनी निवृत्तीनंतर घरी आणला आणि दाराच्या कड्या, खिडक्यांचे गज, इतकेच नव्हे तर हेल्मेट, जे लोखंडच नव्हे, तेही फडक्यातून सुटले नाही. त्यात आज कन्येपुढे जाणे म्हणून दोन हात जास्त दिले होते.

"अहो, एवढं तेल मी भजी तळायलाही घेत नाही. यावर माशी बसायची नाही, कॅमेरा कुठून बसेल?"

"पुसलं तर गंजेल ती."

"गंजेल ना? विकली तर ते तरी बघायला मिळेल का?"

बाईसाहेबांनी डाळीच्या पिठाचा डबा मागविला आणि टाकी घासू लागल्या, जशी तान्ह्या पोराची टाळू. भीमरावांना ते पाहवेना. त्यांनी भिंतीकडे तोंड केले. मग बैठक बसली ती ऐशी की हत्तीने ओढता न सुटावी. पीठ उडून भीमरावांचा चष्मा माखला, सबब तो काढून चाचपूनच यंत्र बैठकीत अडकविले, मग चष्मा पुसून चढविला, तांबडा दिवा लुकलुकला, आणि यंत्राच्या रक्षणार्थ बाईसाहेब मागे बसून स्वारी कूच जाहली.

विद्यापीठाचा चौक, नळ स्टॉप, कर्वे पुतळा ऐसे नाके ओलांडून दोघे वारज्यास पोहोचले. चित्रण टीव्हीवर लावले, तो काय! यंत्र उलटे बसले होते. रस्ता नाही, चौक नाही, पडदाभर भीमरावांचे मुख आणि खांद्यावरून डोकावणारे बाईसाहेबांचे. भीमरावांनी मनोमन गाडीचा निरोप घेतला.

परंतु पूर्वाबाई पुढे सरकून पाहत राहिल्या. मुखावरील डोळे दर क्षणी आरशाकडे जात, मागून "पिवळा झाला" म्हणताच गाडी थांबे, "बस आहे" म्हणताच "पाहिली" असा जबाब येई. नळ स्टॉपास कोणी मागून भोंगा वाजविला, तर भीमराव वळून न पाहताच म्हणाले, "अहो राव, हॉर्न ऐकून सिग्नल हिरवा होत नसतो!" कर्वे पुतळ्यापाशी मात्र त्यांचे डोळ्यांत रिक्षास मागे टाकण्याची खुमखुमी चमकली, तत्क्षणी खांद्यावर एक बोट टेकले आणि खुमखुमी विझली.

पूर्वाबाईंनी त्या बोटाचे चित्रण पुन्हा पुन्हा लावून पाहिले आणि हसू दाबून हुकूम केला, "रस्ता काही दिसला नाही बाबा, पण चालवणारा दिसला. गाडी राहू दे. मात्र आई मागे असेल तरच बाहेर काढायची."

येणेप्रमाणे फत्ते जाहली. परतताना भीमराव मिसळीच्या इराद्याने कोथरूडात वळू लागले, तो खांद्यावर बोट टेकले आणि स्वारी मुकाट सरळ गेली. मुलूख भीमरावांचा राखला, अंमल सुंदराबाईसाहेबांचा बसला, ऐसे नमूद करून हे वर्तमान पुरे केले असे.