मार्सियानोचं वजन कुठल्या काट्यावर?

वजनमापे निरीक्षकसाहेबांनी मेहुण्याच्या हातातला तक्ता घेतला, चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि वरपासून खालपर्यंत एकदा नजर फिरवून पहिलाच प्रश्न विचारला, "हे वजन कुठल्या काट्यावर केलं?"

मेहुणा व्यायामशाळेत मुष्टियुद्ध शिकवायचा. सगळे त्याला मास्तर म्हणत, साहेबही मास्तरच म्हणत. येत्या रविवारी व्यायामशाळेच्या स्पर्धा होत्या आणि त्या सुरू होण्याआधी मास्तरांचं भाषण होतं. विषय : हेवीवेट गटात आजवर झालेल्या जगज्जेत्यांमध्ये सर्वश्रेष्ठ कोण? दोन महिने खपून त्यांनी तक्ता केला होता. जो लुई, मार्सियानो, अली, फोरमन, लेनॉक्स लुईस. प्रत्येकाचं वजन, उंची, हाताची लांबी, लढती, विजय. जेवण झाल्यावर मोठ्या हौसेने त्यांनी तो भावजींपुढे धरला होता. त्यांची अपेक्षा 'वा' एवढीच होती.

"कुठल्या काट्यावर म्हणजे?" मास्तर म्हणाले. "लढतीआधी वजन करतात, त्या काट्यावर."

"तो तपासला होता कोणी?"

मास्तरांनी बहिणीकडे पाहिलं. बहीण ताटं उचलून आत गेली. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती. नवऱ्याने एखाद्या गोष्टीवर संशय घेतला की खोलीतून उठून जावं, हे ती पहिल्या वर्षातच शिकली होती.

साहेबांचाही तसा दोष नव्हता. माणसाने पंधरा वर्षं एकाच बाजारात काटे तपासले की त्याला सगळं जग मापात पाप करणारं दिसू लागतं. दूधवाल्याचं माप ते उन्हात धरून बघत. न्हाव्याने आरसा दाखवला की आरसा तपासत. गंमत अशी, की पंधरा वर्षांत त्यांना बाजारात एकही लबाडी सापडली नव्हती. दुसरा एखादा यावरून बाजार प्रामाणिक आहे असं समजला असता. साहेब समजले होते, की बाजार फार हुशार आहे.

मास्तरांचं म्हणणं सरळ होतं. मार्सियानो एकोणपन्नास लढती लढला आणि एकोणपन्नास जिंकला. वजन जेमतेम एकशे पंच्याऐंशी पौंड, हात आखूड, तरी कोणाला हरला नाही. म्हणून तो सर्वश्रेष्ठ. साहेबांचं म्हणणं, पुढच्या काळातला लेनॉक्स लुईस अडीचशे पौंडांच्या आसपास. मधे साठेक पौंडांचा फरक. साठ पौंड म्हणजे पिठाचं पोतं. पोतं अंगावर पडलं तर माणूस उठत नाही, मग मार्सियानो कसा उठेल?

"पोतं ठोसा चुकवत नाही, भावजी," मास्तर म्हणाले. "आणि भाषणात मी हे दाखवणारच आहे. आमच्याकडे एक अडीचशे पौंडी पठ्ठ्या आहे, तो लुईस. मार्सियानो मी. माझं वजन बरोबर एकशे पंच्याऐंशी पौंड. चौऱ्याऐंशी किलो."

साहेबांनी मास्तरांच्या सदऱ्याच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या बटणामधल्या ताणाकडे पाहिलं.

"कुठल्या काट्यावर?" त्यांनी विचारलं.

सोमवारी सकाळी कचेरीची गाडी व्यायामशाळेच्या दारात उभी राहिली. साहेबांनी वीस-वीस किलोंची चार सरकारी वजनं उतरवून घेतली. काळीकुळकुळीत, नव्या रंगाने चमकणारी. गेल्याच महिन्यात कचेरीने त्यांना रंग द्यायचं ठरवलं होतं, पण रंगाऱ्यावर विश्वास नाही म्हणून साहेबांनी ती घरी नेऊन स्वतः रंगवली होती. दोन हात दिले, मग रंग पातळ असल्याचा संशय आला म्हणून तिसरा दिला.

चारही वजनं व्यायामशाळेच्या काट्यावर चढली. ऐंशी व्हायला हवे होते. काटा अठ्ठ्याहत्तरच्या जरासा पुढे जाऊन थांबला. साहेबांनी टिचकी मारली. तो तिथेच.

"दोन किलो खातोय," साहेब म्हणाले. आवाजात आनंद नव्हता असं म्हणता येणार नाही. पंधरा वर्षांनी काहीतरी सापडलं होतं. "म्हणजे मास्तर, तुम्ही शहाऐंशी. एकशे नव्वद पौंड. हा मार्सियानो नव्हे."

त्यांनी काट्याला सील ठोकलं, पंचनामा केला आणि मास्तरांची सही घेतली. मास्तरांनी सही करताना पेन एवढं दाबलं की खालच्या तीन कागदांवर उमटलं.

भाषणाचं जे व्हायचं ते होवो, पण आता स्पर्धेचाच खोळंबा झाला. खेळाडूंचे गट याच काट्यावर ठरले होते. काटा दोन किलो खात असेल तर प्रत्येक जण दोन किलोंनी जड आणि निम्मे लोक वरच्या गटात. वरच्या गटात जायचं म्हणजे थोराड माणसांचा मार खायचा. त्यापेक्षा उपाशी राहिलेलं बरं, असं सगळ्यांनी ठरवलं. मंगळवारपासून व्यायामशाळेत माणसं ब्लँकेटं गुंडाळून धावू लागली. एकजण दोरीवरच्या उड्या मारता मारता चक्कर येऊन पडला. शुद्धीवर आल्यावर पाणी नको म्हणाला, पाण्यालाही वजन असतं.

उपाशी माणसाला धीर नसतो. ही मंडळी आपलं वजन कुठे कमी भरतं ते बघायला बाजारभर हिंडू लागली. बेकरीवाल्याचा पोती मोजायचा मोठा काटा होता, त्यावर चढली. खिळे-पत्रेवाल्याकडे गेली, भंगारवाल्याकडे गेली. सोबत गेलेले मास्तर काही उपाशी नव्हते; त्यांचं वजन तिन्ही ठिकाणी चौऱ्याऐंशीच भरलं, जेवढं व्यायामशाळेच्या काट्यावर भरायचं. गुरुवारी मास्तर हे सांगायला कचेरीत आले. चार काटे एकच वजन सांगतात, याचा अर्थ व्यायामशाळेचा काटा बरोबर आहे, एवढंच त्यांना सुचवायचं होतं.

साहेबांना त्यातून वेगळाच अर्थ लागला. ते सावकाश खुर्चीतून उठले.

"चारही?" ते म्हणाले. "म्हणजे हे सगळे मिळालेले आहेत."

संध्याकाळपर्यंत तिन्ही दुकानांतले काटे तपासून झाले. चार सरकारी वजनं चढवली की काटा अठ्ठ्याहत्तरच्या जरासा पुढे. सगळीकडे तस्सं. साहेबांनी तिन्ही काट्यांना सील ठोकलं. बेकरीवाल्याने हात जोडून एक शंका काढली. पोती घेताना काटा दोन किलो खातो म्हणजे आपला फायदा, हे कबूल. पण खिळेवाला तर याच काट्याने माल विकतो. दोन किलो जास्त देऊन तो कमी लावतोय. असा व्यापारी कोण असेल?

हा प्रश्न साहेबांनाही पडला होता. त्याचं उत्तर सापडत नव्हतं, म्हणून त्यांचा संशय अधिकच पक्का झाला. स्वतःचं नुकसान करून घेणारा व्यापारी म्हणजे कट फारच खोल गेलेला असणार. घरी जाऊन त्यांनी कागदावर चार चौकोन काढले, बाणांनी जोडले आणि मधोमध मोठं प्रश्नचिन्ह घातलं. कडेला बारीक अक्षरात 'मास्तर?' असंही लिहिलं.

शनिवारी सकाळी मास्तर घरी आले. चेहरा उतरला होता. उपाशी खेळाडूंनी स्पर्धा पुढे ढकला म्हणून निरोप धाडला होता आणि व्यायामशाळेचे चिटणीस विचारत होते, की हे भावजी तुमचेच ना?

"भावजी, एक विचारू?" मास्तर म्हणाले. "चार काटे एक सांगतात, तुमची वजनं दुसरं सांगतात. चौघं खोटे आणि तुम्ही एकटेच खरे, असं होईल का?"

"ती सरकारी वजनं आहेत," साहेब ताठ होऊन म्हणाले. "त्यांच्यावर संशय घ्यायचा नसतो."

तेवढ्यात स्वयंपाकघरातून साहेबांच्या पत्नीचा आवाज आला. मागच्या दाराशी ती केर काढत होती आणि भावाला हाक मारत होती.

"अरे, जरा हे दाराला टेकवलेलं वजन उचलून देतोस का? रंग दिल्यापासून मेलं जडच झालंय."

मास्तर उठले नाहीत. साहेबही उठले नाहीत. दोघे एकमेकांकडे बघत राहिले.

"रंगाने वजन वाढत नाही," साहेब शेवटी म्हणाले. पण आवाजात नेहमीचा जोर नव्हता.

"मला काय कळतंय त्यातलं?" पत्नी पदराला हात पुसत बाहेर आली. "रोज उचलते म्हणून सांगते. माझी कंबर सांगते. बाबांच्या दुकानातलं ते वजन, एवढी वर्षं उचलतेय. चाळीस पौंडांचं. तुम्ही अंगणात रंगवत होता तेव्हा मीच म्हटलं ना, हेही घ्या हातासरशी. त्या दिवसापासून उचलवत नाही मला."

साहेब अंगणात गेले, ते विळी घेऊनच. दारात उभ्या असलेल्या कचेरीच्या गाडीतून चारही वजनं त्यांनी उतरवून घेतली आणि एकेक पालथं करून बुडाचा रंग खरवडू लागले. पहिल्याच्या बुडाला सरकारी शिक्का. दुसऱ्याच्याही. तिसऱ्याचा रंग निघाला आणि खालून सासऱ्यांच्या काळातला जुना शिक्का वर आला, त्याच्याखाली चाळीसचा आकडा आणि पौंड. सरकारी काय आणि सासऱ्यांचं काय, दोन्ही वजनं ओतीव लोखंडाची, अंगाने सारखी, वरचे आकडे झिजलेले. उरलंसुरलं ते रंगाच्या तिसऱ्या हाताखाली गेलं होतं. चाळीस पौंड म्हणजे अठरा किलो आणि वर थोडे. वीस किलोंचं खरं सरकारी वजन महिनाभर मागचं दार धरून बसलं होतं.

साहेब तिथेच पायरीवर टेकले. त्यांना पहिल्यांदा आठवला तो उड्या मारताना पडलेला माणूस, जो पाणी नको म्हणाला होता.

मास्तर शेजारी येऊन बसले. त्यांना बोलायला पुष्कळ होतं. आठवडाभर मनात घोळवलेली दोन-तीन वाक्यं तर अगदी जिभेवर होती. पण भावजींच्या हातात विळी अजून तशीच होती. ती त्यांनी काढून घेतली आणि एवढंच म्हणाले, "चला, आधी त्या लोकांना जेवू द्या."

रविवारी स्पर्धा झाल्या. सील साहेबांनी स्वतःच्या हाताने काढलं, खरी चार वजनं चढवली, काटा ऐंशीवर थांबला. मग मास्तर चढले. चौऱ्याऐंशी. जमलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, साहेबांनीही वाजवल्या. भाषणाच्या शेवटी मास्तरांनी त्यांनाच विचारलं, आता सांगा, सर्वश्रेष्ठ कोण? साहेब उभे राहिले.

"मला विचाराल तर," ते म्हणाले, "दोन काळांतली वजनं मी तरी पुन्हा एका काट्यावर ठेवणार नाही. रंग सारखा असला की कळत नाही हो."

बाकीच्यांना हे मोघम वाटलं. मास्तरांनी मात्र मान डोलावली.

राहता राहिला बाजार. सोमवारी साहेब एकटेच निघाले. माफी मागायची म्हणजे काय करतात हे त्यांना नीट माहीत नव्हतं. वाटेत त्यांनी दोन-तीन वाक्यं जुळवली, ती चुकीची वाटली, सोडून दिली.

बेकरीवाल्याच्या दुकानात शिरून त्यांनी काट्याचं सील तोडलं आणि म्हणाले, "तुमचा काटा बरोबर आहे. चूक माझी होती. मला माफ करा."

बेकरीवाल्याच्या हातातली परात खाली गेली. पंधरा वर्षांत या माणसाने कधी 'नमस्कार'सुद्धा मोकळ्या मनाने घेतला नव्हता. तो आज माफी मागतोय? यात काहीतरी आहे. याला नक्की काहीतरी कळलंय आणि हा माझ्याच तोंडून वदवून घ्यायला आलाय. त्याने आधी साहेबांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग दाराबाहेर कोणी उभं आहे का ते पाहिलं.

"सांगतो, साहेब," तो खालच्या आवाजात म्हणाला. "तुम्हाला कळलंच आहे तर लपवून काय करू? पाव भट्टीत आटतो असं मी लोकांना सांगतो. तो आटत नाही. मी गोळाच लहान घेतो."

साहेब चकित झाले. त्यांनी वही काढली, पण काय लिहावं ते न सुचून परत ठेवली आणि बाहेर पडले.

खिळेवाल्याकडे त्यांनी तेच शब्द म्हटले, फक्त या वेळी जरा घाबरत. खिळेवाल्याने त्यांना खुर्ची दिली, पंखा सुरू केला, आणि खुर्चीवर ते नीट टेकायच्या आत सांगून टाकलं, की खिळे तो लाकडी खोक्यासकट मोजतो आणि खोक्याचं वजन वजा करायचं बहुतेक वेळा विसरतो. बहुतेक म्हणजे नेहमीच.

साहेब रस्त्यावर आले तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता. पंधरा वर्षं शिक्के, पंचनामे, अचानक धाडी. हाताला काही लागलं नाही. आणि आज एका माफीत दोन. आपण फसवून कबुली घेतोय की काय, असंही त्यांना वाटून गेलं. हे नियमात बसतं का, तेही बघायला हवं होतं. पण तिसरी माफी बाकी होती आणि ती मागणं भाग होतं.

भंगारवाला अंगणात तांब्याच्या तारा निवडत बसला होता. साहेबांनी सील काढलं, चूक सांगितली, माफी मागितली आणि वाट बघत उभे राहिले.

भंगारवाल्याने मान वर केली. "बरं, साहेब," म्हणाला. "होतं कधी कधी." आणि पुन्हा तारा निवडू लागला.

साहेब आणखी थोडा वेळ उभे राहिले. तो पुढे काहीच बोलला नाही. एक नाही, दोन नाही.

फाटकापर्यंत जाऊन त्यांनी मागे वळून पाहिलं, चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि वहीत त्या दिवसाची पहिली नोंद केली : भंगारवाला. याच्यावर नीट लक्ष ठेवायला हवं.