कोरडे नॅपकिन

साहित्याचे खात्रीलायक मोजमाप करण्याचे साधन नसल्यामुळे मराठी वाचकाचे आजवर अतोनात नुकसान झाले आहे. गहू मोजता येतो, कापड मोजता येते, आमच्या सोलापूरच्या जुळे सोलापूर भागात फ्लॅटची गॅलरीसुद्धा मोजून मिळते (मिळते ती कमीच, पण मोजून). पुस्तकाच्या बाबतीत मात्र एकाने 'हेलावून गेलो' म्हणायचे, दुसऱ्याने 'सुन्न झालो' म्हणायचे, आणि दोघांपैकी जास्त कोणाला झाले हे कुणालाच सांगता यायचे नाही. ही अनागोंदी आमच्या वाचक प्रतिसाद मंडळाने मोडून काढली. या मंडळाचा मी चिटणीस आहे.

पद्धत सोपी आहे. कौटुंबिक आठवणींचे पुस्तक (आम्ही दुसरी पुस्तके घेत नाही, त्यांत आई असेलच याची खात्री नसते) सभासदाला देताना सोबत एक नॅपकिन वजन करून दिला जातो. वाचून झाले की नॅपकिन पुन्हा काट्यावर चढतो. वाढलेले वजन म्हणजे साहित्यमूल्य. नॅपकिन आमचे सभासद बसवेश पुरवतात. अक्कलकोट रोड एमआयडीसीत त्यांचा टॉवेलचा कारखाना आहे आणि काठ चुकलेला माल ते साहित्यसेवेला देतात. अध्यक्ष सिद्धलिंगप्पा यांचे मसाल्याचे दुकान असल्यामुळे काटा घरचाच आहे (काट्यावर तिखट सांडलेले आढळल्यास पुस्तक पुन्हा वाचावे लागते).

पहिल्या उन्हाळ्यात चांगली चांगली पुस्तके कोरडी ठरू लागली. चौकशीअंती असे दिसले की सोलापूरच्या मे महिन्यात अश्रू सभासदाच्या घरापासून दुकानापर्यंत टिकतच नाहीत. तेव्हापासून नॅपकिन स्टीलच्या डब्यात, घट्ट झाकण लावून आणायचा नियम झाला. सर्दी असताना वाचू नये, कांदा चिरताना वाचू नये, लेखक नात्यातला असल्यास निम्मे धरावे, हे पोटनियम ओघाने आलेच. निवृत्त मुख्याध्यापिका शिवलीलाताई अर्पणपत्रिकेलाच रडतात, म्हणून त्यांचे वजन पहिल्या प्रकरणापासून धरतात. या काटेकोरपणामुळे आमचा पुरस्कार मिळालेले पुस्तक जिल्ह्यातली वाचनालये डोळे झाकून घेतात.

अशा शिस्तीत यशपाल यांचे 'आबांचे हातवारे' हे पुस्तक दाखल झाले. यशपाल वीज कार्यालयात नोकरीला आहेत. त्यांचे वडील धोंडिराम, म्हणजे आबा, हयातभर यंत्रमागावर टॉवेल विणत होते आणि आई चांगुणाबाई घरी बिड्या वळत. बौद्ध वस्ती, कामगार बाप, पत्र्याचे घर, एवढे मलपृष्ठावर वाचताच बहुतेक सभासदांनी दोन-दोन नॅपकिन मागून घेतले. (न वाचताच एखाद्याचे दुःख मान्य करणे याला मोठे मन लागते.)

डबे परत आले आणि एकूण एक नॅपकिन कोरडा निघाला. बसवेश यांच्या नॅपकिनचे वजन तेवढे वाढले होते, पण ते शेंगाचटणीने. ते जेवताना वाचत होते. त्यांच्याकडून खुलासा मागवला तेव्हा त्यांनी 'हसू आवरले नाही, दिलगीर आहे' असे लेखी दिले.

दोष अर्थात पुस्तकाचा होता. मागांच्या खडखडाटात शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही, म्हणून कारखान्यात माणसे हातांनी बोलतात. आबा घरीही तसेच बोलायचे. भाकरी वाढ, भाजीत मीठ नाही, हे पाहुणे एकदाचे कधी उठणार, सगळे हातानेच आणि पाहुण्यांच्या देखत. दोन मुठी एकमेकींवर ठेवून झटक्यात अलग केल्या की 'धागा तुटला, माग थांबव'. चांगुणाबाई या खुणेने घरातली भांडणे थांबवत. शाळेच्या गॅदरिंगमध्ये यशपालचे भाषण लांबले तेव्हा आबांनी मागच्या रांगेतून तीच खूण केली आणि देशाची प्रगती वाक्याच्या मध्यात थांबली. घरात पैसा नाही, पत्रा गळतो आहे, आणि ही माणसे पातेले कुठे ठेवायचे यावर खुणांनी थट्टा करत आहेत. अख्ख्या पुस्तकात एकदाही कुणाला अभ्यासासाठी रस्त्याच्या दिव्याखाली बसावे लागत नाही.

सभासदांच्या प्रतिक्रिया संयमी होत्या. 'निम्म्या पुस्तकापर्यंत वाट पाहिली, काहीच झाले नाही.' 'वडील पीत नव्हते हे पटत नाही.' 'गरिबी छान उतरली आहे, पण तिच्यातली माणसे आनंदी असल्यामुळे परिणाम होत नाही.' 'लेखक काहीतरी लपवत आहे. माझ्या आजोबांचे मात्र तसे नव्हते...' (पुढचा सगळा मजकूर आजोबांविषयी).

मंडळ दुष्ट नाही. आम्ही यशपालना कळवले की दुसऱ्या आवृत्तीत एकच प्रकरण वाढवा. आबा पिऊन येतात, आई मार खाते, बस्स. पुरस्कार तुमचाच. यशपाल यांच्या पलंगाखाली पुस्तकाच्या प्रतींचे गठ्ठे तसेच पडून होते आणि रोज त्यांच्यावरच झोपायचे होते. काही दिवसांनी त्यांचा निरोप आला, 'लिहून बघतो.'

मार खाणारी व्यक्ती हयात असल्यास तिची संमती घ्यावी, असा आमचा एक पोटनियम आहे. म्हणून अध्यक्ष, शिवलीलाताई आणि मी त्यांच्या घरी गेलो. चांगुणाबाई पलंगावर बसल्या होत्या. दाराजवळची खुर्ची आबांची असल्यामुळे तीत कुणी बसत नाही, असे आम्हाला सांगण्यात आले.

"मावशी, आबा थोडीफार घेत असतील की," अध्यक्ष म्हणाले.

"न्हाय."

"सणासुदीला?"

"सनाला बी न्हाय. वासच चालत न्हवता त्यास्नी."

"मग रागाच्या भरात कधी हात उगारत असतील," शिवलीलाताईंनी मायेने विचारले.

"हात मोकळं हुतं कुटं त्यांचं? दिसभर हातानंच बोलायचं की."

नोंद घेण्याजोगे काही हाती लागेना. ताईंनी शेवटचा प्रयत्न केला. "मावशी, तुम्ही आयुष्यात कधीच रडला नाहीत?"

"रडले की. ते गेले तवा लई रडले."

आम्ही तिघेही सरसावून बसलो. ताईंनी पर्समधून कोरा नॅपकिन काढला. "मग हे पुस्तकात कसं नाही?"

"ते माजं हाय. ह्याला बी सांगितलं न्हाय, तुमास्नी कशाला सांगू?" चांगुणाबाई म्हणाल्या. मग त्या मुलाकडे वळल्या. "तू नवं काय लिवलंस म्हनं. वाच की. आबाच्या खुर्चीत बसून वाच."

यशपाल खुर्चीत बसले, खिशातला कागद उलगडला आणि वाचू लागले, "पगाराच्या दिवशी आबा झोकांड्या खात घरी आले..."

चांगुणाबाईंनी दोन मुठी एकमेकींवर ठेवल्या आणि झटक्यात अलग केल्या.

यशपाल थांबले. त्यांनी कागदाची घडी केली, ती आणखी लहान केली आणि मुठीत दाबून धरली. त्यांचे डोळे भरून आले होते (लेखकाचे स्वतःचे अश्रू नियमाप्रमाणे धरता येत नाहीत). मला त्या वेळी छातीत कसेतरीच झाले, पण ते काट्यावर येण्यासारखे नव्हते. मग आईने हातांनी मुलाला काहीतरी बरेच लांबलचक सांगितले आणि डोळे पुसता पुसता ते हसायला लागले.

"काय म्हणाल्या?" अध्यक्षांनी विचारले.

"काही नाही. चहा घेणार का, विचारतेय."

खुणेत अध्यक्षांची चष्मा वर करून बघण्याची लकब मला स्पष्ट दिसली होती. चहा चांगला होता.

यंदाचा पुरस्कार दुसऱ्या एका पुस्तकाला गेला. त्यात आई प्रस्तावनेत वारते, पाचव्या प्रकरणात वारते आणि मलपृष्ठावर पुन्हा वारते. 'आबांचे हातवारे' या पुस्तकापुढे 'कोरडे' असा शेरा पडला. पलंगाखालचे गठ्ठे बसवेश आपल्या कारखान्यात घेऊन गेले आणि त्यांनी प्रती कामगारांना वाटल्या. तिथून एकही लेखी प्रतिक्रिया आलेली नाही. मागांच्या आवाजात काही ऐकू येत नाही, पण माणसे एकमेकांना हातवारे करून दाखवतात आणि पोट धरून हसतात, असे बसवेश कळवतात. हे मोजण्याची सोय मंडळाकडे नाही.

ही हकिगत वाचून अनेकांना मंडळात यावेसे वाटेल. त्यांनी वेगळा अर्ज करण्याची गरज नाही. चांगुणाबाई 'लई रडले' म्हणाल्या तेव्हा आमच्याबरोबर तुम्हीही सरसावून बसलात. तुमचे सभासदत्व तिथेच मंजूर झाले आहे. नॅपकिन घरपोच मिळेल, डबा तेवढा तुमचा आणावा.