तिचा ताप

"उरलेलं आयुष्य मी पृथ्वीला अर्पण करतो आहे!" माजी राष्ट्राध्यक्षांनी आरशासमोर हात उंचावून जाहीर केलं.

"करा की. पण तो ओला टॉवेल पलंगावरून उचला, मला जरा पडायचंय," बायको म्हणाली आणि दार लावून झोपली.

पद गेल्यापासून साहेबांना कुणी चार शब्द बोलायला बोलावलं नव्हतं. पूर्वी ते शिंकले तरी बातमी व्हायची. आता ठसका लागला तरी पाणी आपलं आपणच घ्यावं लागे. आज मात्र जागतिक हवामान परिषदेत, घरच्या कॉम्प्युटरवरून का होईना, त्यांचं भाषण होतं. व्हरांड्यात येरझारा घालत त्यांनी तालीम सुरू केली.

"तिचा ताप दीड अंशानं वाढलाय! अंगाची काहिली होतेय! आता वेळ दवडला तर ती हातची जाईल!"

खाली गाडी पुसणाऱ्या ड्रायव्हरच्या हातातलं फडकं गळालं. साहेब बायकोचं नाव कधी घेत नसत. 'ती' म्हणजे बाईसाहेब, हे घरचं व्याकरण. त्याने डॉक्टरांना फोन लावला.

"बाईसाहेबांचं काही खरं नाही!"

"आणि साहेब?"

"फेऱ्या मारतायत. एकटेच बोलतायत."

डॉक्टर ॲम्ब्युलन्स घेऊनच आले. ॲम्ब्युलन्समागे पत्रकार, पत्रकारांमागे हळहळणारे. फाटकाबाहेर गाड्यांची रांग लागली; एसीसाठी सगळ्यांची इंजिनं चालू. तेवढ्यात परिषदेच्या सचिवांचा फोन आला.

"बातमी पाहिली, साहेब. तुम्ही वहिनींजवळच थांबा. तुमची वेळ दुसऱ्यांना दिलीय."

"अहो, पण ती ठणठणीत आहे!"

"धीर धरा," म्हणून सचिवांनी फोन ठेवला.

सायरनने जागी झालेली बायको केस सारखे करत बाहेर आली. "कोण गेलं हो?"

डॉक्टरांनी तिचा हात धरला. "अंग तर गार आहे. ताप कुठाय?"

"मला एकच ताप," तिने नवऱ्याकडे बोट दाखवलं. "तो लग्नापासून आहे."

कॅमेरे पिशव्यांत जाऊ लागले. साहेब धावत फाटकात आडवे उभे राहिले.

"थांबा! ताप पृथ्वीला आलाय, पृथ्वीला!"

गर्दी थबकली. गर्दीतून एकजण हात जोडून पुढे आला. पहिला अनुयायी! साहेबांचा ऊर भरून आला.

"साहेब," ॲम्ब्युलन्सवाला म्हणाला, "जरा बाजूला होता का? गाडी मागे घ्यायचीय."