लॅपटॉप जुंपून बघितला

उन्नतीला लॅपटॉप हवा होता आणि तोही सोमवारच्या आत. कॉलेजात प्रॅक्टिकलं सुरू झाली होती. करिष्मा नावाची मैत्रीण आपला लॅपटॉप देत असे, पण उपकार केल्यासारखी. तिचं काम आटपेपर्यंत उन्नती शेजारी नुसती उभी. गेल्या खेपेला सर सगळ्यांसमोर म्हणाले, "तू काय पाहुणी आलीस का?" त्या दिवशी बिचारी रिक्षात आपलं गाव अंजूर येईपर्यंत रडली.

तिने निवडलेला लॅपटॉप होता बेचाळीस हजारांचा. तिच्या वडिलांना तिथेच खटकलं. त्यांना सगळं गाव भाऊ म्हणतं, म्हणून लेकही भाऊच म्हणते.

"घ्यायचा तर स्वस्तातला घे, न्हायतर एकदम भारी घे. मधला म्हंजे काय? ना धड इकडचा, ना तिकडचा."

"भाऊ, विद्यार्थ्यांना हाच परवडतो. सगळे तेच सांगतात."

"सगळ्यांचं राहू दे. लडकूकाकांना दाखवू."

आता लडकूकाकांचा आणि लॅपटॉपचा काय संबंध, असं बाहेरचा माणूस विचारील. अहो, शर्यतीचा बैल लडकूकाकांनी पारखल्याशिवाय अंजुरात दावणीला बांधत नाहीत! बैलांवरून लोक त्यांना मोटारसायकली दाखवू लागले, मग फ्रीज, आणि मागच्या वर्षी तर एक जावईसुद्धा दाखवला. लॅपटॉपचं दुकान भिवंडीत भाऊंच्याच गाळ्यात होतं, त्यामुळे दुकानदाराने रविवारपर्यंत लॅपटॉप बघायला घरी दिला. नाही म्हणायची त्याची काय टाप!

लडकूकाकांनी लॅपटॉप चारी बाजूंनी पाहिला. पाठीवरून हात फिरवला. झाकण उघडून बटणं मोजली.

"दात पुरे हायत," ते म्हणाले. "पन नुसता बघून भागायचा न्हाय. बैल घेताना आपन दिवसभर जुंपतो ना? याला पन जुंपा. सगला काम एकदम द्या."

झालं! एका खिडकीत हळदीचा व्हिडिओ लागला, दुसरीत उन्नतीचा प्रोग्रॅम, तिसरीत भजन. लॅपटॉप तापला, पंखा घरघरू लागला.

"धापतोय," काका म्हणाले. "पन बसत न्हाय. अजून लादा."

अजून लादायला भाऊंच्या गोडाऊनचे आठ कॅमेरे होते. मोबाईलवर ते टिकलीएवढे दिसत. इथे पडदाभर दिसले आणि भाऊ हरखले.

"बास! याला हॉलमधी टीव्हीखाली ठेवायचा. घरबसल्या गोडाऊन दिसेल."

"आणि माझा अभ्यास?" उन्नती ओरडली.

"रविवारी गोडाऊन बंद असतं ना? तवा कर की."

उन्नतीचे डोळे भरून आले. भाऊ मात्र चपला घालून निघालेसुद्धा. "मी जाऊन कॅमेऱ्यासमोर उभा राहतो. दिसतो का सांगा."

दहा मिनिटांनी पहिल्या कॅमेऱ्यात भाऊ आले आणि त्यांनी हात हलवला. फोनवर विचारलं, "दिसतो का?"

"दिसता," उन्नती कोरडेपणाने म्हणाली.

परीक्षा संपली असं समजून भाऊ केबिनमध्ये गेले. केबिनमध्येही कॅमेरा होता. तो त्यांनीच बसवला होता, नोकरांवर नजर ठेवायला. भाऊंनी दार लावलं, खण उघडला आणि कागदाचा पुडा काढला.

सोफ्यावर भाऊंची आई, पुतळाबाई, बसल्या होत्या. त्या पुढे सरकल्या. "काय खातोय गं तो?"

"फरसाण असेल आजी," उन्नती म्हणाली आणि तिने केबिनचं चित्र पडदाभर मोठं केलं.

"फरसाण कसला! जिलबी हाय," काका कौतुकाने म्हणाले. "पाक गळताना दिसतोय बघा. पडदा एक नंबर!"

डॉक्टरांनी भाऊंना गोड बंद केलं होतं. लेकाची साखर उतरावी म्हणून पुतळाबाईंनी देवापुढे नवस बोलून स्वतःच्या चहातली साखर सोडली होती. दोन वर्षं! त्यांनी फोन लावला. पडद्यावर भाऊंनी बोटं चाटली आणि फोन उचलला.

"काय करतोस रं?"

"काम करतोय, आये. मान वर करायला फुरसत न्हाय."

"जरा कर वर. कॅमेऱ्याकडं बघ."

भाऊंनी मान वर केली. हातात चौथी जिलबी होती.

"मेल्या, तुझ्यापायी मी कडू चहा पितेय रं!" पुतळाबाईंचा आवाज फुटला. रागाने की रडण्याने, ते त्यांनाही कळलं नसावं.

भाऊ गोडाऊनमधून घरी आले ते धापा टाकतच. आईकडे न बघता त्यांनी लॅपटॉप बंद केला, पिशवीत घातला आणि उन्नतीच्या हातात दिला.

"हा फक्त तुझा. शिकणाऱ्या पोरीच्या मधी गोडाऊन नको. रोज कॉलेजला घेऊन जायचा, घरी ठेवायचा न्हाय!" दुकानदाराला पैसेही तिथल्या तिथे फोनवरून पाठवले.

सोमवारी उन्नती प्रॅक्टिकलला ऐटीत खुर्चीवर बसली. त्याच सुमाराला भिवंडीत पुतळाबाई रिक्षातून दुकानापाशी उतरल्या.

"नातीला दिलास तसलाच अजून एक दे."

"आजी, तो विद्यार्थ्यांसाठी असतो. घरात अजून कोण शिकतंय?"

"मीच," पुतळाबाई म्हणाल्या. "एकच विषय हाय, पन रोज बघाय लागतो."